कांड्या फुल, नेट गुल: टॉवरवर 4जी आल्यावर आधी काय तपासाल

भाऊ, तुमचा प्रश्न असा की, गावच्या टॉवरवर महिन्याभरापूर्वी 4जी सुरू झालं, फोनवर सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसतात, पण रात्री व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो. तर सिम दुसऱ्या कंपनीत न्यावं का? एवढ्यात नेऊ नका. आधी घोडं कुठे अडतंय ते बघा. घाटंजी तालुक्यात पंधरा वर्षं सिम-रिचार्जचं दुकान चालवतोय, आठवड्यातून दोनदा तरी काउंटरवर ऐकू येतं, “कांड्या तं फुल हायेत, मंग नेट काहून चालत नाही?”

कांडीवरून फक्त टॉवर ते फोन एवढ्या टप्प्यातला सिग्नल कळतो. टॉवरला मागून किती नेट मिळतं, हे ती सांगत नाही. मोटर पाच एचपीची बसवली, पण विहिरीला झराच नसेल तर ओलित होईल का?

म्हणून तीन दिवस एवढंच करा. पहाटे पाचला आणि रात्री नऊला, अंगणात एकाच जागी उभं राहून स्पीड मोजा आणि वहीत लिहा. पहाटे वीस-पंचवीस एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) आणि रात्री एक, तर फोनही बरा, सिमही बरं, गर्दी जास्त आहे. हिशेब सोपा आहे. 5 मेगाहर्ट्झ रुंदीच्या लहरींच्या पट्ट्यात 4जीची कमाल मजल साधारण 37 एमबीपीएस, तीही टॉवरच्या एका बाजूच्या सगळ्या फोनांना मिळून. जेवणं उरकून चाळीस पोरं एकाच वेळी रील्स बघायला बसली की प्रत्येकाच्या वाट्याला एकही येत नाही. दुसऱ्या कंपनीत गेलात आणि तिच्या टॉवरवरही तेवढीच गर्दी असली, तर पोर्टिंगची धावपळ वाया.

पहाटेही रडगाणंच असेल तर टॉवरकडे मान वर करून बघा. ढोलकीसारखी पांढरी गोल डिश शहराच्या दिशेने लावलेली असेल, तर बहुधा नेट फायबरने (जमिनीखालच्या केबलने) नाही, हवेतून येतंय. कधीकधी त्याच डिशवरून पुढच्या दोन गावांचंही नेट जातं. तिथे तुमच्या हातात काही नाही, तक्रार सोडून. फायबर असेल तर ती तोडायला रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीची कृपा आहेच.

आता फोन. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. 700 मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येते. 2100 ची तेवढी नाही. बीएसएनएलचं 4जी या दोन्हींवर आहे. पण 700 पकडायला फोनमध्ये बँड 28 (त्या लहरीच्या पट्ट्याचा नंबर) लागतो, आणि बऱ्याच जुन्या 4जी फोनांत तो नसतो. मॉडेलचं नाव टाकून नेटवर तपासा. एकाच घरात बापाच्या फोनला रेंज आणि पोराच्या फोनला नाही, याचं कारण बऱ्याचदा हेच.

सिमही बघा. आमच्याकडच्या एका काकांनी कापूस विकून बारा हजारांचा नवा फोन घेतला, तरी 4जी येईना. दुकानात आले ते फोनवाल्याला शिव्या देतच. मी मागचा ट्रे काढला, तर आत 3जीच्या काळातलं, कडा घासून पांढरं पडलेलं सिम. कंपनीच्या केंद्रात जाऊन बदलून आणलं, अर्ध्या तासात काम झालं. फोन घेण्याआधी कोणी सांगितलं नाही, हे त्यांचं दुःख अजून आहे!

टिनाच्या खोलीत बसून स्पीड मोजू नका. पत्रा लहरी अडवतो. एका ताईंचा फोन चुलीजवळच्या कोनाड्यात सिग्नल उणे 112 दाखवायचा, ओसरीत उणे 91. (सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ आणि मग सिमची स्थिती, तिथे हा आकडा सापडतो. उणे 85 च्या आसपास उत्तम, उणे 110 च्या पलीकडे हाल.) फोन आल्याबरोबर नेट बंद पडत असेल तर व्होल्टी (4जीवरूनच कॉल करायची सोय) सुरू आहे का बघा, नसेल तर कॉल 2जी-3जीवर उतरतो. आणि लाइट गेल्यावर दोन-तीन तासांनी सगळंच गायब होत असेल, तर टॉवरची बॅटरी थकलीय.

5जीचं म्हणाल तर ते देशात 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं. तुमच्या टॉवरवर आलंही असेल, पण मागचा झरा तोच असेल तर नुसतं चिन्ह बदलेल.

तरीही पोर्ट करायचंच असेल तर आधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा कव्हरेज नकाशा बघा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2024 च्या नियमांमुळे तो द्यावाच लागतो. त्यात फक्त रेंज कळते, स्पीड नाही. म्हणून शेजाऱ्याकडून ते सिम एक रात्र मागून घ्या आणि ई-पीक पाहणीला ज्या वावरात उभं राहायचं, तिथेही लावून बघा. तक्रार करताना वहीतले आकडे वेळेसकट सांगा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून घ्या. नुसतं “नेट स्लो आहे” म्हटलं की पलीकडून फोन बंद करून चालू करायला सांगतात.

वहीचा फोटो इथे टाका, मग पुढचं बघू.