जुन्या संगमरवरी पुतळ्यांतली माणसं खरंच इतकी देखणी होती का?

तुम्ही विचारलंय की १८०० च्या आसपासच्या युरोपातल्या अर्धपुतळ्यांत व्यापारी असो की त्याची बायको, सगळेच ग्रीक देवांसारखे का दिसतात, आणि त्यांच्या डोळ्यांत बुबुळं का नसतात.

नव्हती हो इतकी देखणी! त्या काळी देवीच्या रोगाचे व्रण कितीतरी चेहऱ्यांवर असायचे. संगमरवरात शोधा बरं एखादा.

मी मूर्तिकला शिकलोय, म्हणून ही लबाडी कुठे होते ते सांगतो. चेहरा ओळखू येतो तो हाडांवरून: कपाळाचा उतार, नाकाचा बाक, जबड्याची रुंदी. एवढं बरोबर धरलं की वरची कातडी कितीही तुकतुकीत करा, घरचे म्हणणार, "अगदी बाबाच!" नवअभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन कलेचा आदर्श ठेवणाऱ्या त्या काळच्या शिल्पकारांनी नेमकं हेच केलं. नाक ज्याचं त्याचं ठेवलं. डोळ्यांखालच्या पिशव्या आणि हनुवटीखालची चरबी मात्र गायब. कोट-बटणं काढून रोमन पद्धतीचं वस्त्र खांद्यावर टाकलं किंवा खांदे उघडेच ठेवले. म्हणजे कपड्यांची फॅशन जुनी व्हायची भीतीच नको.

डोळ्यांची तर गंमतच आहे. ग्रीक पुतळे मुळात रंगवलेले असत, कित्येकांची बुबुळंही रंगानेच काढलेली. शतकानुशतकं मातीत पडून रंग उडाला आणि १८ व्या शतकातल्या रसिकांना वाटलं, कोरं पांढरं हेच खरं सौंदर्य. विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने १७५५ मध्ये 'उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता' हा मंत्र दिला. पुढे रोममध्ये कानोव्हा, थोरवाल्डसेन या शिल्पकारांच्या कार्यशाळांतून कोऱ्या डोळ्यांची माणसं घडू लागली.

काम कसं चाले? आधी माती, मग प्लास्टर. प्लास्टरवर खुणेचे खिळे ठोकायचे आणि त्यावरून मापं घेत मदतनीस तोच आकार दगडात उतरवायचे. कानोव्हा शेवटचा हात स्वतः फिरवायचा, तोही मेणबत्तीच्या उजेडात, कारण तिरप्या उजेडात पृष्ठभागाचा बारीकसा उंचसखलपणाही दिसतो. पोसान्यो या त्याच्या गावच्या संग्रहालयात ते खिळे टोचलेले प्लास्टरचे पुतळे आहेत. खरं सांगू? मला गुळगुळीत संगमरवरापेक्षा तेच जास्त आवडतात.

या परंपरेचा दूरचा धागा आपल्याकडेही आहे. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूलमध्ये असताना केलेली 'मंदिरपथगामिनी' (१८९६) प्लास्टरची आहे, पण तिच्या नऊवारीच्या चुण्या पाहा, ग्रीक वस्त्रांची आठवण होते. पूजेला निघालेली साधी मुलगी, तिला नाव मात्र नाही. आदर्श व्हायचं तर बहुधा नाव सोडावंच लागतं.

याच्या अगदी उलट उदाहरण इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या स्टाल्येनो कब्रस्तानात आहे. कातेरिना काम्पोदोनिको ही जत्रांमधून हेझलनटच्या माळा आणि गोल पाव विकणारी बाई. पै-पै साठवून तिने जिवंतपणीच, १८८१ मध्ये, लोरेन्झो ओरेन्गोकडून स्वतःचा संगमरवरी पुतळा करून घेतला. तोवर वारं वास्तववादाकडे फिरलं होतं, हे खरं. पण पैसे तिचे होते, त्यामुळे देवी-बिवी बनायची हौस तिने केली नाही. सणाचे कपडे, झालरीची शाल, वय लपवत नसलेला चेहरा, आणि हातात विकायच्या त्याच माळा.