मुलगा पुण्यात हॉस्टेलवर आहे. मी रोज फोन करतो, तरी तो तुटक बोलतो. घरच्यांच्या आधाराचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण फोनच्या संख्येवर तो अवलंबून नसतो. मानसशास्त्रज्ञ झिमेट आणि सहकाऱ्यांची आधार मोजणारी १९८८ सालची १२ विधानांची प्रश्नावली विद्यार्थ्यांसाठी आजही सर्रास वापरतात. घरचे, मित्र आणि एखादं खास माणूस असे तिचे तीन भाग. त्यात मदतीचा हिशोब नसतो; अडल्यावर कुणीतरी आहे, हा भरवसा मोजतात. मनाच्या स्वास्थ्याशी नातं जास्त दिसतं ते या भरवशाचंच.

उघड दिसणारी मदत उलट टोचू शकते. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. परीक्षार्थीच्या लक्षातही न आलेला आधार त्यात जास्त लागू पडला. मदत जाणवली की 'मला एकट्याला झेपत नाही' हेही जाणवतं.

म्हणून "जेवलास का? सबमिशन झालं? अटेंडन्स किती?" ही उलटतपासणी आधी थांबवा. माझ्या मते आठवड्याला दोन-तीन फोन पुरेत, वेळ त्याने ठरवावी. कधी तुमच्याकडचं सांगा: आजीचा गुडघा, गळकी टाकी. त्याचं मतही विचारा. परीक्षेच्या पंधरवड्यात मेसचे पैसे वेळेत भरा, चिवडा पाठवा, पण बोलून दाखवू नका.

केटी लागल्याचं, म्हणजे विषय राहिल्याचं त्याने सांगितलं, की पहिली दहा मिनिटं जपा. "तरी मी सांगत होतो" म्हणालात, तर पुढची केटी तुम्हाला गुणपत्रिकेतूनच कळेल. "कुठला विषय? फॉर्म कधी भरायचाय?" एवढं बास. चांगल्या बातमीचंही तसंच. "प्रेझेंटेशन मस्त झालं" यावर "आता सेमचं बघ" म्हणणं फार महागात पडतं. कोणी काय विचारलं, तो काय बोलला, हे चवीने ऐका.

मित्र हवेतच, पण रात्री दोनपर्यंत तेच रडगाणं उगाळणारी मैत्री दुधारी असते. शाळकरी मुलांच्या २००२ सालच्या अभ्यासात अशी मैत्री घट्ट दिसली, आणि उदासी, चिंताही जास्त. ट्रेकचा ग्रुप, ढोलपथक, क्रिकेट असं काही असलं की बोलणं आपोआप वळतं.

झोप, जेवण, लेक्चर तिन्ही दोन आठवडे बिघडलेली असतील तर कॉलेजचा समुपदेशक गाठा, किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. मराठीत बोलता येतं. जगण्यात राम नाही अशी भाषा आली तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. रूममेटला त्याच्याजवळ बसायला सांगा, १४४१६ लगेच लावा आणि त्याच रात्री पुण्याची गाडी धरा.