‘हातून झाले’ म्हणजे जबाबदारी टाळणे का?

दारव्हा तालुक्यातील एका तंटामुक्त गाव समितीच्या सदस्यांची पृच्छा अशी: धुऱ्यावर (बांधावर) फवारलेले टू-फोर-डी तणनाशक वाऱ्याने शेजारच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) गेले आणि तिची पाने आखडली. फवारणारा म्हणतो, ‘माह्या हातून झालं’. शेजाऱ्याचा हट्ट, ‘म्या केलं असं म्हन’. सदस्यांच्या शिकत्या मुलाच्या मते निर्णय मेंदूतील पेशीच घेतात, म्हणून ‘हातून झाले’ हाच विज्ञानाला धरून असलेला शब्दप्रयोग होय. नोंदवहीत काय लिहावे?

मुलाचा आधार बहुधा अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा 1983 चा प्रयोग असावा. मनगट हलवण्याची इच्छा जाणवण्याच्या सुमारे तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत विद्युत हालचाल सुरू झालेली त्यात दिसली. परंतु ते मनगट केव्हाही, विनाकारण हलवायचे होते. वारा कुठला आहे हे पाहून पंप पाठीवर घ्यायचा की नाही, हा विचार त्या जातीचा नव्हे.

शिवाय कृतीला मागे कारण असले की कर्ता उरत नाही, हे गृहीतच व्याकरणाला मान्य नाही. पाणिनी ‘स्वतन्त्रः कर्ता’ (1.4.54) म्हणतो आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही ‘हेतू’ व ‘कर्ता’ या दोन्ही संज्ञा देतो. मालकाने गड्याकडून फवारणी करवली, तरी फवारणारा गडीच राहतो. येथे स्वतंत्र म्हणजे कारणांच्या साखळीबाहेरचा नव्हे, तर त्या क्रियेत प्रधान असलेला. मेंदूतील पेशी कर्त्याहून वेगळ्या कोणी मालक नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे बोट दाखवून कर्तेपण सुटत नाही.

आता मूळ शब्दप्रयोग. ‘हातून’ कर्तेपण नाकारत नाही, मुद्दामपणा नाकारते. म्हणूनच ‘माझ्या हातून मुद्दाम झाले’ हे कानाला खटकते. ‘हातून चूक झाली, माफ करा’ मात्र सहज म्हटले जाते, आणि माफी आपल्याच कृतीची मागतात. गारपिटीने गहू झोपला तर ती कोणी मागत नाही. खरी पळवाट ‘औषध उडालं’ या वाक्यात आहे, कारण त्यात माणूसच नाही. शेजाऱ्याने त्यावर हरकत घेतली असती तर ती मला रास्त वाटली असती.

नोंदवहीत ‘यांच्या हातून नुकसान झाले’ असे लिहिण्यास हरकत नाही. त्याने भरपाई टळत नाही. मात्र वारा शेजारच्या वावराकडे आहे हे फवारणाऱ्याला कोणी आधी सांगितले होते का, ते विचारून घ्यावे. सांगितले असेल, तर ‘वारा माहीत असूनही फवारणी केली’ असेच लिहावे.