18 गेजच्या पत्र्याला वेल्डिंग केलं की पोट काहून येतं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: गोठ्याचा सहा फुटी दरवाजा, अँगलची चौकट, वर 18 गेजचा, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर जाडीचा साधा काळा पत्रा. वेल्डिंग होईस्तोवर सगळं सरळ, थंड झालं की मधात पोट. हात दाबला की डबडब वाजतं. मे महिन्याच्या उन्हानं होते का?

ऊन बिचारं निर्दोष आहे. लोखंड 1500 अंशांच्या आसपास वितळतं, तिथं आपल्या विदर्भाचे 45 अंश कोणत्या हिशेबात? दारव्हा तालुक्यात माझं दुकान आहे. पोट डिसेंबरातल्या दरवाज्यालाही येतं.

खरी भानगड कडेला आहे. जिथं बीड, म्हणजे वेल्डिंगची ओळ पडते तिथला पत्रा लाल होऊन फुगायला बघतो, पण बाजूचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. मग तो आतल्या आत दबून जाड होतो आणि थंड होताना आखडतो. कडा आखूड झाल्या, मधला पत्रा होता तेवढाच राहिला. तो जास्तीचा पत्रा जाईल कुठं? बाहेर येतो. आणि हे किती थोड्यात होतं ते बघा: सहा फुटांत कड फक्त अर्धा मिलिमीटर आखडली, तर कमानीच्या हिशेबानं पोट येतं जवळपास पावणेदोन सेंटीमीटर.

म्हणून माझं एकच म्हणणं, वेल्डिंग कमी करा. गोठ्याच्या दरवाज्याला चारी बाजूंनी सलग बीड लागतच नाही. दर सहा इंचांवर एक इंच पुरतो. गिऱ्हाईक म्हणतं, "पूर्ण मारा, मजबूत पाहिजे." त्याला सांगा की दरवाजा बिजागरीत तुटतो, पत्र्यात नाही. पाणी झिरपायची भीती असेल तर फटीत सीलंट भरा.

आधी टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके. पत्रा चौकटीवर सी-क्लॅम्पनं घट्ट दाबा, प्रत्येक बाजूच्या मधापासून सुरू करून कोपऱ्यांकडे जा. इकडे एक टाका झाला की दुसरा समोरच्या बाजूला. कोपऱ्यातून सुरुवात केली की सगळा ढिलेपणा मधात कोंडतो. टाक्याला हात लावता आला पाहिजे, तेव्हाच त्याच्या शेजारी परत जायचं. तोवर दुसऱ्या दरवाज्याच्या बिजागऱ्या करून घ्या. घाईचं काम असलं की मी मुद्दाम दोन दरवाजे सोबत घेतो.

रॉड 2 मिलिमीटरचा, 45-50 अँपियर. डीसी मशीन असेल तर रॉड निगेटिव्हला. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ठिणगी, अँगलकडे झुकवा, पत्र्याला नुसती झळ लागू द्या. जाड लोखंड उष्णता पितं, पातळ पितच नाही, भोक पाडतं.

मधल्या मोकळ्या पत्र्याला आधार पाहिजेच. आतून एक आडवी पट्टी द्या, तीन-चार टाक्यांवर. नाहीतर पत्रा लावायच्या आधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलकी फुलीची घडी मारून घ्या. हवेच्या डक्टच्या पत्र्यावर दिसते ना, तीच.

आता आलेलं पोट. सुरुवातीला मी एका दरवाज्याचं पोट हातोडीनं ठोकून बसवायला गेलो. अर्धा तास ठोकलं, पोट वाढलं. ठोकल्यानं पत्रा पसरतो आणि इथं तर तो आधीच जास्त आहे. तो दरवाजा कमी पैशात द्यावा लागला. पोटाच्या पत्र्याला आखडवायचं असतं. पोटाच्या जागी गॅस टॉर्चनं रुपयाएवढा ठिपका लाल करा, लगेच ओल्या फडक्यानं दाबा. एका वेळी एकच, थोडं अंतर सोडून दुसरा. आणि ओलं फडकं मशीनच्या वायरींपासून दूर.

उन्हाचं एक मात्र सांगायचं राहिलं. पत्रा उन्हात तापू द्या, चौकट सावलीत ठेवा, आणि पत्रा गरम आहे तोवर टाके मारून घ्या. वीस अंशांचा फरक असला तरी सहा फुटी पत्रा 0.4 मिलिमीटरनं वाढलेला असतो, संध्याकाळी आखडून ताणून बसतो. हातमोजे घाला बाप्पा, चटका जबर बसतो.

हेच कूलरच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर करणार असाल तर थांबा. जस्त 907 अंशांवरच उकळतं, पांढरा धूर निघतो. एकदा दिवसभर तो धूर घेतला, रात्री हुडहुडी भरून ताप. मला वाटलं मलेरिया. गूळ-दुधानं काही होत नाही. कडेचं जस्त ग्राइंडरनं काढा, तेही मास्क लावून, आणि मोकळ्या हवेत काम करा. मी तर कूलरला आता रिबीटच मारतो.