हवामान मॉडेलमधला पाऊस थेट स्वॅटमध्ये घालून उल्हास नदीचा २०५० मधला पूर काढता येईल का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : उल्हास खोऱ्याचे स्वॅट मॉडेल (पाऊस, जमीन यांवरून नदीचा प्रवाह काढणारे संगणकीय मॉडेल) तयार आहे, मासिक प्रवाहासाठी नॅश-सटक्लिफ गुणांक (मॉडेलचा प्रवाह मोजलेल्या प्रवाहाशी किती जुळतो ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.८ आला आहे, तर सीएमआयपी-६ या जागतिक हवामान मॉडेल्सच्या संचातला भविष्यातील पाऊस त्यात घालून बदलापूरचा पूर सांगता येईल का? मी ठाण्यात राहून याच स्वरूपाचे काम करतो. माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे पहिले कारण भविष्यातल्या पावसात नसून आपल्या आजच्या मॉडेलमध्ये आहे.

या गुणांकात मॉडेलची तुलना मोजलेल्या प्रवाहाच्या सरासरीशी होते. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यामुळे 'जुलैत पाणी असते, मार्चमध्ये नसते' एवढेच ज्याला कळते अशा मॉडेललाही मासिक गुणांक चांगला मिळतो. केवळ पावसाळ्यातल्या दैनिक प्रवाहावर तो पुन्हा काढून पाहा, बहुधा घसरेल.

उन्हाळ्यातला प्रवाह तर अधिकच फसवा आहे. कर्जतजवळच्या भिवपुरीचे वीजगृह १९२२ पासून घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे, म्हणजे मुळात भीमेच्या खोऱ्यातले पाणी खाली सोडत आले आहे. हे पाणी आपण मॉडेलला वेगळे दिले नसेल, तर कॅलिब्रेशन (मोजलेल्या प्रवाहाशी जुळावे म्हणून मॉडेलमधले आकडे बदलणे) करताना सॉफ्टवेअर ती तूट भूजलाचे आकडे फुगवून भरून काढते. आलेख जुळतो, पण कारण चुकीचे असते, आणि असे मॉडेल २०५० च्या हवामानात नेले की ती चूकही सोबत जाते. बारवी आणि भातसा धरणांचे विसर्गही असेच स्वतंत्रपणे द्यावे लागतात.

आता पावसाकडे वळू. जागतिक हवामान मॉडेलची एक चौकट, म्हणजे ज्यासाठी पावसाचा एकच आकडा मिळतो तो तुकडा, साधारण १०० किलोमीटरची असते. कल्याण आणि खंडाळ्याचा घाट तिच्यात एकत्र मावतात, कधीकधी घाटापलीकडचा मावळचा तुलनेने कोरडा भागही. सह्याद्रीची भिंत जिथे सपाट झाली आहे, तिथे घाटातला पाऊस कमी आणि पसरट दिसणारच. बायस करेक्शनने, म्हणजे मॉडेलचा पाऊस प्रत्यक्ष नोंदींशी जुळवून घेण्याच्या दुरुस्तीने, दीर्घकालीन सरासरी सुधारते, पण एका रात्रीत कोसळणाऱ्या पावसाची रचना त्यातून निर्माण होत नाही. शिवाय ज्या दैनिक नोंदींवर ती दुरुस्ती करतात, त्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांच्या असतात. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली; अशा पुराचा पाऊस साडेआठच्या दोन्ही बाजूंना विभागला गेला की दैनिक मॉडेलमध्ये पुराचे शिखर, म्हणजे सर्वाधिक प्रवाह, बुटके होते.

म्हणून मी आपल्या जागी असतो, तर काम दोन भागांत केले असते. हंगामी पाणी आणि धरणांतली आवक यांसाठी दुरुस्त केलेले स्वॅट ठेवावे, त्याला एकाऐवजी अनेक हवामान मॉडेल्सचा पाऊस द्यावा आणि उत्तर 'इतके ते इतके' अशा पल्ल्याच्या स्वरूपात लिहावे. पुरासाठी मात्र २०१९ सारख्या प्रत्यक्ष घटनेचा ताशी पाऊस घेऊन हेक-एचएमएस (एकेका पावसाचा पूर काढू शकणारे मॉडेल) चालवावे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्या प्रमाणात तोच पाऊस वाढवून शिखर किती चढते ते पाहावे. हे २०५० चे भाकीत ठरत नाही, पण परीक्षकासमोर त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे आपल्याला सांगता येईल. कल्याणच्या खाली खाडीची भरती पाणी अडवते आणि स्वॅटला भरती कळत नाही. तो भाग अभ्यासात घ्यायचा असेल, तर हेक-रासमध्ये (नदीपात्रातली पाण्याची पातळी काढणारे मॉडेल) खालच्या टोकाला भरती-ओहोटीची पातळी द्यावी, अन्यथा अभ्यासाची हद्द बदलापूरलाच थांबवावी.