मनातल्या मनात चालणारी आवर्तनं

प्रश्न : वय २७. देवघरात दिवा लावताना देवीबद्दल घाणेरडे विचार येतात. मग मनात २१ वेळा नाव घेते. मध्ये कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. स्वयंपाकानंतर ‘भाजीत काही भलतंच घातलं तर नाही?’ म्हणून सगळं आठवत बसते, मिस्टरांनाही विचारते. मी सारखे हात धूत नाही, म्हणून घरचे म्हणतात हा आजार नाही; नाव घेतेस ते चांगलंच. खरं काय? — एक वाचक, उदगीर

उत्तर : तुम्ही लिहिलंय ते मंत्रचळाशी, म्हणजे ओसीडी या मानसिक आजाराशी जुळतं, पक्कं निदान डॉक्टर तपासूनच करतील. मनात मोजणं, वाईट विचारावर चांगला विचार ठेवणं, घडलेलं आठवून खात्री करणं, ही हात धुण्यासारखीच कर्मकांडं आहेत. फक्त कुणाला दिसत नाहीत.

विचार आपोआप येतो आणि भीती घालतो. कर्मकांड ती भीती उतरवायला आपण करतो. असे विचित्र विचार आजार नसलेल्यांनाही येतात, पण ते त्यांच्या मागे लागत नाहीत. तुम्हाला २१ वेळा म्हटल्यावर हायसं वाटतं, आणि मन शिकतं की त्यामुळेच अनर्थ टळला. म्हणून पुढच्या वेळी धाक वाढतो.

नाव घेण्यात काहीच गैर नाही. आवडीनं घेतलेलं नाव मध्येच राहिलं तरी जीव घाबरत नाही. तुमच्या नाव घेण्याला आकडा आहे, अट आहे. दिवा लावणं मात्र सोडू नका, टाळल्यानंही भीती पोसली जाते.

पहिला आठवडा फक्त नोंद करा : काय विचार आला, मनात काय केलं, किती मिनिटं गेली. दोन-चार शब्द पुरे. मग भीतीला ० ते १०० आकडा देऊन ३०-४०चा प्रसंग निवडा. दिवा लावा, विचार येऊ द्या, नाव न मोजता पुढच्या कामाला लागा. जमलं नाही तर मोजणं ५ मिनिटं पुढं ढकला, नंतर १५. नकळत मोजून झालंच, तर तोच विचार मुद्दाम परत आणा आणि तसाच राहू द्या. भाजीबाबत एकदाच म्हणा, ‘घातलं असेल, नसेल, आता शोधणार नाही.’

बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. हेच वाक्य दहादा घोकलं की तेही नवं कर्मकांड होतं. ‘भीती उतरली का?’ हे तपासत बसणंही तसंच. विचार दाबू नका. दाबला की जास्त उसळतो.

मिस्टर ‘नाही घातलंस’ म्हणून धीर देतात, तेव्हा तेही नकळत या चक्रात ओढले जातात. दोघांनी आधीच ठरवा. त्यांनी एवढंच म्हणावं, ‘हा मंत्रचळाचा प्रश्न आहे, उत्तर देणार नाही, पण जवळ बसतो.’

ही पद्धत थेरपिस्टच्या मदतीनं जास्त नीट जमते. औषधं लागली तर पुरेशा डोसनंतर फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. महिनाभरात ‘गुण नाही’ म्हणून स्वतःहून बंद करू नका. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. तुम्हाला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग जवळ पडेल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र नोंदवहीची वाट पाहू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगून दवाखाना गाठा.