उत्तर : अंतर वाढवू नका, आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वय ३६, राहणार नांदेड, ५० किमीची एक शर्यत पूर्ण, आता १०० किमीची तयारी. आठ महिन्यांत आठवड्याचं अंतर ५० वरून ७५ किमीवर नेलंत, तरी १० किमीची वेळ सहा मिनिटांनी घसरली. जिना चढताना धाप लागते, रात्री अंथरुणात पाय वळवळतात. ग्रुपमधले सगळे सांगतात, "लांब पल्ल्यात बायका पुरुषांना मागं टाकतात, तुम्ही नुसतं अंतर वाढवा." आणि तुम्ही विचारलंय, हे खरं असेल तर मी हळू का होतेय?

पायांच्या वळवळीपाशी आले आणि पुढचं वाचायच्या आधीच कळलं, लोह कमी पडत असणार. लातुरात २०१८-१९ मध्ये मी चौदा महिने हेच भोगलंय. म्हणून बूट, चार्ट, स्ट्रेचिंग यातलं काही लिहीत नाही. ५० किमी पळालेल्या बाईला ते ठाऊक असतं. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. पुढचं सगळं माझ्या एका शरीरावरून आणि त्यानंतर जे वाचलं त्यावरून आहे. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा.

आधी त्या "मागं टाकतात"बद्दल, कारण माझं नुकसान तिथूनच सुरू झालं.

हे वाक्य निम्मं खरं आहे. २००२ आणि २००३ मध्ये पॅम रीडनं अमेरिकेतली बॅडवॉटर ही २१७ किमीची वाळवंटातली शर्यत सगळ्या पुरुषांसकट जिंकली. २०१७ मध्ये कोर्टनी डॉवॉल्टर अमेरिकेतल्याच मोआबच्या २४० मैलांच्या शर्यतीत दुसऱ्या नंबरच्या पुरुषाच्या सुमारे दहा तास आधी पोचली. जास्मिन पॅरिसनं २०१९ मध्ये ब्रिटनमधली २६८ मैलांची स्पाइन रेस ८३ तास १२ मिनिटांत जिंकली, तेही वाटेतल्या थांब्यांवर तान्ह्या लेकीसाठी दूध काढून ठेवत. हीच बाई २०२४ मध्ये बार्कली ही अमेरिकेतली डोंगराळ जंगलातली अतिशय अवघड शर्यत पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली, ६० तासांची मुदत संपायला ९९ सेकंद राहिले असताना. हे वाचून माझ्या अंगावर आजही काटा येतो.

पण या एकेकट्या बायका आहेत. त्यांच्या जिंकण्यावरून सगळ्या बायकांच्या शरीराचा नियम काढता येत नाही. मॅरेथॉनमध्ये जगातल्या सर्वोत्तम पुरुष आणि स्त्रीत साधारण आठ-दहा टक्क्यांचा फरक राहतो. २४ तासांच्या धावेत कॅमिल हेरननं २०१९ मध्ये २७० किमी कापून विश्वविक्रम केला, अलेक्सांद्र सोरोकिननं २०२२ मध्ये ३१९ किमी कापून. म्हणजे जवळजवळ ५० किमीचा फरक. अंतर वाढलं की फरक आपोआप मिटतो असं हे आकडे सांगत नाहीत. १९९२ मध्ये 'नेचर'मध्ये दोन शास्त्रज्ञांनी विक्रमांच्या आलेखाची रेघ पुढं ओढून लिहिलं होतं की १९९८ च्या सुमारास बायका मॅरेथॉनमध्ये पुरुषांना गाठतील. तसं झालं नाही. गणिताची बाई म्हणून सांगते, ती रेघ सरळ ओढणंच चूक होतं. बायकांचे विक्रम तेव्हा झपाट्यानं सुधारत होते, कारण त्यांना पळायची परवानगीच नुकती मिळाली होती. बोस्टन मॅरेथॉननं बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या शर्यतीनं १९७५ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली थेट १९८४ ला. इतकी वर्षं अडवून धरलेलं पाणी सोडलं की पहिल्यांदा लोंढाच येणार.

मग खरं निम्मं कोणतं? बायका वेग सांभाळून पळतात. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनच्या निकालांवर २०१५ मध्ये एक अभ्यास आला. दुसऱ्या अर्ध्यात पुरुष सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावले, बायका ११.७ टक्क्यांनी. आपले स्नायू चिवट असतात, लांब पळताना चरबी जास्त वापरतात. पण पुरुषाचं हृदय मोठं आणि रक्तात हिमोग्लोबिन जास्त, म्हणून दर मिनिटाला त्याच्या स्नायूंपर्यंत प्राणवायू जास्त पोचतो. बाईचा चिवटपणा खरा आहे, पण तोही रक्तावरच चालतो. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता माझी चूक.

नवरा आणि मी एकाच चार्टवर पळत होतो. औसा रोडला पहाटे साडेचारला निघायचं, सातच्या आत परत. तो महिन्यागणिक सुधारत गेला, मी घसरत गेले. १० किमीला ५८ मिनिटं लागायची, ती १ तास ६ मिनिटांवर गेली. प्रत्येक वेळी मी स्वतःला समजावलं की माझं शरीर लांब पल्ल्यासाठी आहे, छोट्या अंतराचं काय घेऊन बसायचं. आठवड्याचे ५५ किमी ८५ वर नेले. थकवा आला की आणखी अंतर. फेब्रुवारी २०१९ मध्ये १२ तासांच्या एका धावेत ९० किमीचं ठरवून उतरले आणि ६१ व्या किमीला मैदानाच्या कडेला बसले ते उठताच आलं नाही. पाय दुखत नव्हते, उन्हाचा त्रास नव्हता. श्वासच पुरत नव्हता.

त्याच्या आधी सहा महिने मी इथल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. हिमोग्लोबिन १०.८ आलं. तिथल्या साहेबांनी कागद बघून सांगितलं, "बायकांचं दहा-अकरा असतंच. पळणं कमी करा, घरचा ताण असेल." मी विचारलं, लोहाची आणखी काही तपासणी असते का? म्हणाले, गरज नाही. खाली तपासणीच्या खिडकीवर स्वतः पैसे भरून करते म्हटलं, तर "चिठ्ठी आणा". चिठ्ठी द्यायला वर कुणी तयार नाही. दोन वेळा रजा काढून गेले, दोन्ही वेळा तेच उत्तर. नवऱ्याचं १०.८ आलं असतं तर त्याला तिथंच भरती करून घेतलं असतं. जागतिक आरोग्य संघटना बाईला १२ च्या खाली आणि पुरुषाला १३ च्या खाली रक्तक्षय म्हणते. १०.८ म्हणजे आजार. "बायकांचं असतंच" हे निदान होऊ शकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला आणि त्याच वयाच्या २५ टक्के पुरुषांना. निम्म्याहून जास्त बायकांना आहे म्हणून तो चालतो असं समजायचं का? हे लिहितानाही संताप होतो, माफ करा.

शेवटी आंबेजोगाईला वैद्यकीय शिकणाऱ्या भाचीनं फोनवर एकच प्रश्न विचारला, "मावशी, फेरिटिन केलंय का?" मी ते नावही पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या गावी जाऊन तपासणी केली. आकडा आला ६. पंधराच्या खाली गेलं की शरीरातला लोहाचा साठा संपलाय असं धरतात, आणि पळणाऱ्या बायकांचं ३० च्या वर असावं असं खेळाडूंचे बरेच डॉक्टर सांगतात.

फेरिटिन म्हणजे आड आणि हिमोग्लोबिन म्हणजे पोहरा. पोहरा भरून येतोय तोवर आड आटत चाललाय हे कळत नाही. म्हणून हिमोग्लोबिन १२.२ आलं तरी गप्प बसू नका, फेरिटिन मागाच. पाळीत लोह जातं ते आहेच. पळणाऱ्यांचं वरून घामातून, आतड्यातून, तळपाय आपटून फुटणाऱ्या रक्तपेशींतूनही थोडं थोडं जातं. त्यात दमवणारं पळून आलं की तीन ते सहा तासांत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पोटातलं लोह रक्तात जायचं अडतं. अंतर जितकं वाढवाल तितका खर्च वाढतो आणि आवक घटते. मी ८५ किमी पळून नेमकं हेच केलं.

तपासणीबद्दल एक : लांब पळाल्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा तापात फेरिटिन करू नका, तेव्हा आकडा खोटा वर जातो. दोन-तीन दिवस आराम करून जा. आणि तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, जास्तीचं लोहही घातक असतं.

मला डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड दिली. रोजच्यापेक्षा तशी जास्त अंगी लागते, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय. पहिले पंधरा दिवस मी ती सकाळी दहाला, पळण्यानंतर तीन तासांनी, वर कपभर चहा पिऊन घेत होते. याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. चहा जेवणापासून आणि गोळीपासून निदान तासभर लांब ठेवा. घरी पाहुणे आले तरी. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी, अळिवाचे लाडू हे सगळं चांगलंच, पण वनस्पतीतलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून त्यावर लिंबू पिळा. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर लोह आणखी उतरतं. आईची कढई मी माळ्यावरून काढली, अजून वापरते.

चार महिन्यांनी फेरिटिन ३८ झालं. त्या काळात आठवड्याला ३० किमी, तेही सावकाश. वर्षाच्या शेवटी १२ तासांत ८४ किमी झाले. त्या दिवशी नवरा ५० व्या किमीपर्यंत माझ्या पाच फेऱ्या पुढं होता, शेवटी मी त्याच्या दोन फेऱ्या पुढं होते. तो सुरुवातीला जोरात सुटला होता, मी नाही. त्या अभ्यासातले आकडे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. बायकांचं बळ वापरायचं तर ते इथं वापरा : पहिले ३० किमी कुणी कितीही पुढं जाऊ दे.

खाण्याचंही सांगून ठेवते. "बाईचं शरीर चरबीवर चालतं, तुला कमी खाऊन भागतं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तासातासाला खाल्लंच पाहिजे. मी उकडलेला बटाटा आणि मीठ, गूळ-शेंगदाणा, केळं घेते. पाणी मात्र तहानेनुसार, भीतीनं ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोका बायकांना जास्त दिसलाय. उलट आपल्याकडे बायका मुद्दाम पाणी पीतच नाहीत, कारण वाटेत आडोसा नसतो. शर्यतीत नाव घालण्याआधी आयोजकांना लेखी विचारा, किती किमीवर बायकांसाठी बंद शौचालय आहे. उत्तर आलं नाही तर मी ती शर्यत सोडते.

मी लहान असताना घटस्थापनेला गावची पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत यायची. आम्ही पोरी वेशीवर आरतीचं ताट धरून उभ्या. तेव्हा मला वाटायचं पोरींना एवढं पळता येत नसेल. आणि तिकडं बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' मोजतात. मोळी डोक्यावर तिच्याही असते, हिशेबात ती वेगळी दिसत नाही. दमसासाची तुलना काढायला बसलो तर तिचीही काढावी लागेल.

तुमच्यासाठी : या आठवड्यापासून अंतर ३० किमीवर आणा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी १२ आणि थायरॉइड एकदमच करून घ्या, थकव्याचं कारण दुसरंही असू शकतं. पाळीत जास्त जात असेल तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, पळण्याशी त्याचा संबंध नाही असं समजू नका. कुणी "बायकांचं असतंच" म्हणालं तर वाद न घालता दुसरा दवाखाना बघा, सहा महिने घालवू नका. आणि १०० किमीचे पैसे अजून भरले नसतील तर रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबा. आकडा आला की इथंच लिहा, मी बघते.